कर्जाची वही उघडा

(वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर इतिहास, शिक्षण, धम्म अशा थोर विषयांवर विद्वान मंडळी बोलून गेली. त्या मानाने माझा विषय अगदी घरगुती आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झाले आणि बँकेत लिपिक म्हणून लागले. वीसेक वर्षे लोकांची पासबुके, हप्त्यांच्या पावत्या आणि थकबाकीच्या नोटिसा हाताखालून गेल्या, त्यातून जे समजले तेवढेच मी सांगणार आहे. विषय आहे डोईजड झालेले कर्ज आणि त्यातून बाहेर पडण्याचा रस्ता.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. कर्ज घेणे हे पाप नाही. घर बांधायला, मुलीला शिकवायला, रिक्षा घ्यायला, शिलाई मशीन घ्यायला कर्ज काढावे लागते. ज्या कर्जातून उद्या चार पैसे येतील किंवा डोक्यावर छप्पर येईल आणि ज्याचा हप्ता पगारातून सुखाने जाईल, त्या कर्जाला घाबरण्याचे कारण नाही. मी बोलते आहे ते दुसऱ्या अवस्थेबद्दल. एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढावे लागते, व्याज भरून भरून माणूस थकतो तरी मुद्दल जागचे हलत नाही, फोन वाजला की छातीत धस्स होते आणि आलेले पाकीट न फोडताच कपाटावर ठेवले जाते. अशी लक्षणे दिसू लागली की कर्ज डोक्यावरून गेले असे समजावे.

आपल्याकडे लगेच म्हणतात, ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत.’ म्हण खरी आहे, पण ती बहुधा ज्यांचे अंथरूण लांबरुंद आहे तेच सांगतात. लग्नाच्या मांडवासाठी, मोठ्या मोटारसायकलसाठी कर्ज काढणारे आपल्यात आहेत, ऋण काढून सण करणारे आहेत, हे मी नाकारत नाही. पण घरातल्या माणसाला एकाएकी दवाखान्यात न्यावे लागले, कंत्राटी नोकरी सुटली, कंपनीला टाळे लागले, पाऊस आला नाही, तर अशा कर्जाला उधळपट्टी म्हणता येणार नाही. म्हणून कर्जात बुडालेल्या माणसाला उपदेश करण्याआधी त्याचा हिशेब पाहावा. त्याला उपदेशाची गरज फार थोडी असते, हिशेबाची फार असते.

भगवान बुद्धांनी या विषयाकडे किती व्यवहारी दृष्टीने पाहिले आहे, हे अंगुत्तर निकायातील इण सुत्तात दिसते. तेथे एक साखळी सांगितली आहे. दारिद्र्यातून ऋण येते, ऋणातून व्याज, व्याज थकले की तगादा, तगाद्यानंतर धनको माणसाच्या पाठी लागतो आणि शेवटी बंधन येते. त्याच निकायात अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत, त्यांत ऋण नसण्याचे सुख स्वतंत्रपणे मोजले आहे. मला या साखळीत एक उपयोगाची गोष्ट दिसते. तिला पायऱ्या आहेत. व्याजाच्या पायरीवर जो जागा होतो, त्याला तगाद्याच्या पायरीवर जागा होणाऱ्यापेक्षा अधिक मार्ग मोकळे असतात. तगाद्याच्या पायरीवरही मार्ग असतात. मात्र प्रत्येक पायरीवर गप्प बसण्याची किंमत वाढत जाते.

आणि माणसे गप्पच बसतात. नवरा बायकोला सांगत नाही, बायको बचत गटाचे कर्ज नवऱ्याला सांगत नाही, बाप मुलाला सांगत नाही. पहिला हप्ता चुकला तेव्हा बँकेत येऊन जो माणूस दोन शब्द बोलला असता, तो तिसरी नोटीस आल्यावर येतो, आणि तेव्हाही खालच्या आवाजात बोलतो. ही लाज आपल्याला महाग पडते. लाजेपोटी आपण फेडीचा विचार करत नाही, फक्त आजचा दिवस ढकलतो. आणि आजचा दिवस ढकलायला जो पैसा मिळतो, तो सर्वांत महाग व्याजाचा असतो.

म्हणून पहिले काम असे की शंभर पानी वही घ्या आणि सगळी कर्जे लिहून काढा. कोणाचे, मुद्दल किती बाकी, व्याजाचा दर किती, महिन्याचा हप्ता किती, तारण काय दिले, जामीनदार कोण, किती हप्ते थकले, असे सात रकाने पाडा. दुकानाची उधारी आणि मेहुण्याकडून घेतलेले हातउसनेही लिहा. बँका आणि वित्त कंपन्यांची कर्जे आठवत नसतील, तर क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो, तो मागवा. लिहिताना हात कापेल. पण न लिहिलेले कर्ज मनात कायम खऱ्याहून मोठे असते, लिहिलेले कर्ज जेवढ्यास तेवढे होते.

आता एक उदाहरण घेऊ. ते मी हिशेबासाठी रचले आहे. समजा, एका घरात दरमहा २८,००० रुपये हातात येतात. किराणा, भाडे, वीज, शाळा, औषधे यांना १९,५०० लागतात. उरले ८,५००. कर्जे अशी आहेत: पतपेढीचे १,२०,००० रुपये १४ टक्क्यांनी, खाजगी सावकाराचे ५०,००० रुपये शेकडा पाचाने, क्रेडिट कार्डाचे ४०,००० रुपये महिना साडेतीन टक्क्यांनी, सोन्यावरचे ६०,००० रुपये १२ टक्क्यांनी, दुकानाची उधारी ८,००० आणि भावाचे ३०,००० बिनव्याजी. एकूण ३,०८,०००. आकडा पाहूनच माणूस वही मिटवील.

पण व्याजाचा रकाना पाहा. महिन्याचे व्याज पतपेढीचे १,४००, सावकाराचे २,५००, कार्डाचे १,४०० आणि सोन्याचे ६००, म्हणजे एकंदर ५,९०० रुपये. यातले ३,९०० फक्त सावकार आणि कार्ड घेऊन जातात. या दोघांचे मुद्दल एकूण कर्जाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, पण व्याजाचे दोन तृतीयांश त्यांच्या खिशात जाते. म्हणजे ३,०८,००० चा डोंगर आज फोडायचा नाही, त्यातले ९०,००० आधी हलवायचे आहेत.

‘शेकडा पाच’ हे शब्द कानाला किती हलके वाटतात! पण ते महिन्याचे आहेत, वर्षाचे ६० टक्के होतात. ५०,००० वर दरमहा २,५०० याप्रमाणे दोन वर्षांत ६०,००० भरले, तरी ५०,००० जसेच्या तसे उभे राहतात. तेच ५०,००० रुपये वर्षाला १२ टक्क्यांनी, घटत्या शिलकीवर, दोन वर्षांच्या मुदतीने मिळाले तर हप्ता साधारण २,३५४ रुपये येतो. म्हणजे सावकाराच्या नुसत्या व्याजापेक्षा हप्ता कमी, आणि दोन वर्षांनी कर्ज शून्य. कार्डाचेही तसेच. ४०,००० वर ‘किमान रक्कम’ पाच टक्के म्हणजे २,००० भरली, तर त्यातले १,४०० व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ६०० ने उतरते.

आणखी एक शब्द ध्यानात ठेवा, ‘फ्लॅट’ दर. एक लाखावर १२ टक्के फ्लॅट, तीन वर्षे, म्हणजे व्याज ३६,००० आणि हप्ता सुमारे ३,७७८. तुम्ही मुद्दल फेडत असता, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारलेले असते. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. बँका आणि वित्त कंपन्यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाबरोबर मुख्य माहितीचे एक पत्रक द्यावे लागते, त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर छापलेला असतो. सही करण्याआधी ते पत्रक मागा आणि तो एक आकडा वाचा.

आता आपल्या घराकडे परत येऊ. आज त्याला दरमहा भरायचे आहेत: पतपेढीला ४,१००, सावकाराला २,५००, कार्डाला २,०००, सोन्याला ६०० व्याज. बेरीज ९,२००. हातात ८,५००. दर महिन्याला ७०० रुपयांचा खड्डा. तो भरायला पुन्हा सावकार. समजा, पगारदारांच्या पतपेढीने १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी ९०,००० दिले आणि त्यातून सावकार व कार्ड एका दिवशी बंद केले. नवा हप्ता ३,०७६ येतो. आता एकूण भरणा ७,७७६. खड्डा बुजला आणि ७२४ रुपये उरले. त्यातून वर्षाच्या आत दुकानदार फिटतो, मग थोडे थोडे भावाला. तीन वर्षांनी पतपेढीची दोन्ही कर्जे संपतात आणि ती सगळी रक्कम सोने सोडवायला व भावाचे उरलेले द्यायला मोकळी होते. चार वर्षांच्या आत घर ऋणमुक्त. पगार तेवढाच, खर्च तेवढाच, फक्त क्रम बदलला.

याला एक अट आहे. महाग कर्ज फेडायला स्वस्त कर्ज घेतले की त्याच दिवशी कार्ड कापून खाते बंद केले पाहिजे, सावकाराकडून रोखा परत घेतला पाहिजे. नाहीतर जुने दार उघडे राहते आणि वर्षभरात दोन्ही कर्जे डोक्यावर बसतात. नवे कर्ज मिळतच नसेल, तर गहाण पडलेला दागिना विकून टाकण्याचा विचार करा. त्यातून सोन्याचे कर्ज फिटते आणि वर उरलेले पैसे सावकाराच्या मुद्दलात भरता येतात. दागिना विकण्यात अपमान नाही. बँकेच्या तिजोरीत पडून जो वर्षानुवर्षे व्याज खातो, तो दागिना तसाही अंगावर नसतो.

हा हिशेब घरातल्या सगळ्यांसमोर मांडा. कळत्या मुलांनाही बसवा. आधी धान्य, औषध, शाळा, वीज आणि घरभाडे बाजूला काढा. मुलाची शाळा सोडवून फेडलेले कर्ज खरे फिटत नाही, ते पुढच्या पिढीच्या नावावर चढते. त्यानंतर ज्या कर्जात राहते घर गेले असते ते, मग सर्वांत जास्त व्याजाचे, मग उरलेली. भावाला, मित्राला भेटून तारीख सांगा. बिनव्याजी पैसे देणाऱ्याला पैशापेक्षा आपल्या तोंड चुकवण्याचे दुःख अधिक होते.

दुसरे काम असे की हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित ठरते आणि मग आमचे साहेबसुद्धा नियमांनी बांधले जातात. त्याआधी मुदत वाढवणे, हप्ता कमी करणे यांचा विचार होऊ शकतो. नोकरी गेल्याचे पत्र, दवाखान्याची बिले जोडून अर्ज करा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी बोलणे बदली झालेल्या साहेबाबरोबर निघून जाते. एकरकमी तडजोड झाली तर ‘काही बाकी नाही’ असा दाखला घ्या, मात्र क्रेडिट अहवालात ‘तडजोड’ अशी नोंद राहते, हेही माहीत असू द्या. घर तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. हे ६० दिवस म्हणजे शेवटची संधी असते, नोटीस कपाटावर ठेवण्यासाठी ते दिलेले नसतात.

तिसरी गोष्ट सावकाराची. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणबी रयत सावकारांवर उठली, आणि त्या उठावात लोकांनी हुडकून हुडकून नष्ट केले ते कर्जाचे रोखे. आपल्याला बांधून ठेवणारी वस्तू कागद आहे, हे त्या निरक्षर माणसांनी बरोबर ओळखले होते. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. आज आपल्याला कागद जाळण्याची गरज नाही, कागद वाचण्याची आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. २०१४ साली ठरलेले दर शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जाला ९ आणि विनातारणी कर्जाला १२ टक्के, इतरांसाठी १५ आणि १८ टक्के असे आहेत, आणि तेही वर्षाला. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. बेकायदा सावकारीत जमीन किंवा घर लिहून घेतले असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सिद्ध झाले तर मालमत्ता परत देण्याचा आदेश होऊ शकतो. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही देऊ नका. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या, शक्य असेल तर पैसे खात्यातून द्या.

मोबाइलवरच्या कर्जाचेही असेच. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपने तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो घ्यायचे नाहीत. जे ॲप ते मागते, त्याचा हेतू पहिल्याच दिवशी कळतो. धमकी आली तर १९३० या क्रमांकावर आणि पोलिसांत कळवा, पण भीतीपोटी दुसऱ्या ॲपवरून कर्ज काढून पहिल्याला देऊ नका.

थकबाकी झाली म्हणजे माणसाची इज्जत लिलावात निघाली असे नाही. बँकेच्या वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. शिवीगाळ, नातेवाइकांसमोर अपमान यांनाही मनाई आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला पैसे लागत नाहीत. केवळ पैसे नाहीत म्हणून हप्ता थकणे हा फौजदारी गुन्हा नाही. पण दिलेला धनादेश वटला नाही तर १३८ कलमाखाली खटला होऊ शकतो, म्हणून नोटीस मिळाल्यापासूनचे १५ दिवस वाया घालवू नका. दिवाणी न्यायालयाच्या जप्तीतूनही अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे आणि धर्माच्या चालीप्रमाणे स्त्रीला अंगावरून काढता न येणारा दागिना वगळलेला आहे.

वकील परवडत नाही, असे म्हणून कोणी घरी बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. लोकअदालतीत कोर्ट फी लागत नाही आणि बँकाही तेथे तडजोडीला तयार होऊन येतात. आपल्या वस्तीतल्या किती घरांना हे ठाऊक आहे?

जामिनाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘नुसती सही तर करायची आहे’ असे म्हणून मित्र येतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी साधारणपणे कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराला सोडून बँक सरळ तुमच्या पगाराकडे येऊ शकते. जेवढी रक्कम स्वतःच्या खिशातून भरता येईल, तेवढ्यालाच जामीन राहा. आणि आजारपणासाठी कर्ज काढण्याआधी रुग्णालयात एक प्रश्न विचारा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना येथे लागू आहे का? ठरावीक उपचारांसाठी, योजनेतील रुग्णालयांत, वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. हा प्रश्न न विचारल्यामुळे काही घरांचे सोने गहाण पडते.

आता सगळ्यांत कठीण गोष्ट. कर्जापायी माणसे जीव देतात. आपण ते वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. या सभागृहात कोणाच्या मनात तसा विचार येऊन गेला असेल तर त्यांना हात जोडून सांगते, आजच कोणाशी तरी बोला. घरच्यांशी बोलवत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मी इतकी वर्षे थकीत खाती पाहिली. कर्जाची मुदत वाढते, व्याज सोडता येते, खाते तडजोडीने मिटते. माणसाच्या बाबतीत असली कोणतीही सोय नाही.

कर्ज बुडवा, असे मी कोठेही म्हटलेले नाही. घेतलेले न्याय्य कर्ज फेडलेच पाहिजे, कारण बँकेतला पैसा हाही कोणा म्हातारीच्या ठेवीचा असतो. फेडता यावे म्हणूनच हिशेब हवा, हक्क माहीत हवेत आणि वेळेवर तोंड उघडायला हवे. आणि ऋणमुक्त झाल्यावर सिगालोवाद सुत्तातला सल्ला आठवावा. कमाईचे चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा संकटासाठी जपून ठेवावा, असे तेथे सांगितले आहे. आपल्या पगारात चौथा भाग निघणार नाही, हे मला कळते. विसावा निघाला तरी चालेल. २८,००० चा विसावा भाग १,४०० होतो, आणि आपल्या उदाहरणातल्या कार्डाचे एका महिन्याचे व्याज बरोबर तेवढेच होते.

शेवटी संस्थेला एक विनंती. महिन्यातल्या एका रविवारी विहारात दोन टेबले मांडावीत. आपल्यातले बँकेतले, पतपेढीतले, कोर्टातले निवृत्त कर्मचारी तेथे बसतील. ज्याला नोटीस वाचता येत नाही, अर्ज लिहिता येत नाही, व्याज मोजता येत नाही, त्याने आपली वही घेऊन यावे. त्याला कोणी नाव विचारू नये, कोणी नावे ठेवू नयेत. पहिल्या रविवारी मी येते. पावत्या, पासबुके, कपाटावरची न फोडलेली पाकिटे, जे असेल ते घेऊन या. आपण बसून बेरीज करू.